‘गिव्ह अप’मध्ये कोण कुणाला काय देतं?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाचा प्रश्न आहे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे हे शाळेपासून माहीत आहे. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतं घेणे, ‘गिव्ह अवे’ म्हणजे गुपित फोडणे आणि ‘गिव्ह ऑफ’ म्हणजे वास किंवा धूर सोडणे, हे सगळं आलं कुठून? एवढासा शब्द मागे लागला की क्रियापद पार पालटतं ते का? आणि या लांबलचक याद्या पाठ करण्यावाचून दुसरा काही उपाय आहे का?

मी कोर्टाची आणि बँकांची कागदपत्रं इंग्रजीतून मराठीत आणण्याचं काम बरीच वर्षं करतोय, जोडीला संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेतो. दोन्हीकडे सगळ्यात जास्त घोळ याच जोडगोळ्या, म्हणजे इंग्रजीतले ‘फ्रेजल व्हर्ब’, घालतात. तेव्हा उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी तुम्हीच लिहिलेला अर्थ बघा: सोडून देणे. काकांनी तंबाखू सोडून दिली. दिली ती कुणाला? कुणालाच नाही. ‘ठेवून दे’, ‘जाऊ दे’, ‘फेकून दिलं’ यांतही कुणी कुणाला काही देत नाही, आणि तुम्हाला त्याचं कधी आश्चर्य वाटलं नाही. ‘तो बोलला’ आणि ‘तो बोलून बसला’ यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला नाही. बसण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण नको ते तोंडून निघून गेलं आणि आता निस्तरायचं आहे, हे त्या ‘बसला’मध्ये चोख येतं. पोळी खाल्ली, खाऊन टाकली, खाऊन घेतली: पोळी तीच, खाणाराही तोच. ‘टाकली’त फडशा आहे, ‘घेतली’त स्वतःची सोय आहे. मराठीत हे काम मागे लागणारं दुसरं क्रियापद करतं. इंग्रजीत तेच काम अप, आउट, ऑफ, डाउन, अवे अशी दिशा दाखवणारी छोटी अव्ययं करतात. तत्त्व ओळखीचं आहे, फक्त अवजार वेगळं आहे.

मात्र अवजार वेगळं असल्यामुळे एक मोठा फरक पडतो, आणि माझ्या मते मराठी माणूस अडखळतो तो इथेच. इंग्रज म्हणतो, ‘ही रॅन आउट’. आपण म्हणतो, ‘तो पळत बाहेर गेला’. इंग्रजीत मुख्य क्रियापद पळण्याचं आहे आणि बाहेर जाणं नुसत्या ‘आउट’वर भागवलंय. मराठीत मुख्य क्रियापद जाण्याचं, आणि पळणं ‘पळत’ म्हणून कडेला बसलंय. लिओनार्ड टॅल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने याच निकषावर जगातल्या भाषांचे गट पाडले: काही भाषा वाट क्रियापदात सांगतात, काही क्रियापदाला लटकणाऱ्या छोट्या शब्दात. इंग्रजी आणि जर्मन दुसऱ्या गटातल्या.

याचा व्यवहारातला अर्थ असा की इंग्रजी वाक्यात क्रियापद बरेचदा फक्त ‘कसं’ ते सांगतं, आणि ‘शेवटी काय झालं’ ते अव्यय सांगतं. ‘शी टॉक्ड मी इन्टू इट’ म्हणजे बोलून बोलून तिने ते माझ्या गळी उतरवलं. ‘शी टॉक्ड मी आउट ऑफ इट’ म्हणजे बोलून बोलून तिने मला त्यापासून परावृत्त केलं. क्रियापद दोन्हीकडे ‘टॉक’च आहे आणि निकाल अगदी उलटे आहेत. ‘दे लाफ्ड हिम ऑफ द स्टेज’ म्हणजे लोकांनी हसून हसून त्याला स्टेजवरून खाली उतरवलं. मराठी कान सवयीने क्रियापदाकडे धावतो, ‘लाफ’ म्हणजे हसणे हे पकडतो आणि वाक्य समजलं असं मानून मोकळा होतो. खरी बातमी ‘ऑफ’मध्ये असते. म्हणून वर्गात मी पहिली सवय हीच लावतो: क्रियापद ऐकून थांबू नका, मागचा शब्द येऊ द्या.

आता ही अव्ययं एकेक करून बघू. सगळी नाही, तीनच बघतो. तेवढ्यात रीत लक्षात येईल.

‘अप’ म्हणजे वर, हे ठीक. पाणी भरताना पातळी वर चढते आणि काठाशी पोचली की भरणं पूर्ण होतं. ‘फिल अप’मधला ‘अप’ दिशाही दाखवतो आणि शेवटही. तो शेवट मग दिशा सोडून एकटाच फिरू लागला: ‘ईट अप’ खाऊन टाकणे, ‘यूज अप’ वापरून संपवणे, ‘ड्राय अप’ पार आटून जाणे, ‘टेअर अप’ फाडून तुकडे करणे. इथे वर-खाली काही नाही, फडशा आहे. आपल्या ‘टाकणे’चा हा सख्खा भाऊ. दुसरी शाखा जवळ येण्याची: ‘कम अप’, ‘कॅच अप’, ‘शो अप’, आणि न सांगता उगवणाऱ्या पाहुण्याचं ‘टर्न अप’. तिसरी बंद करण्याची: ‘टाय अप’, ‘रॅप अप’, ‘लॉक अप’. पोलीस ठाण्यातल्या कोठडीला आपण पिढ्यान्‌पिढ्या लॉकअप म्हणत आलोय, म्हणजे ही शाखा तुमच्या घरचीच आहे. चौथी नव्याने रचण्याची: ‘थिंक अप’ डोक्यातून काढणे, ‘मेक अप अ स्टोरी’ गोष्ट रचून सांगणे. आणि ‘बटर अप’? साहेबांना लोणी लावणे. इंग्रजही लोणीच लावतो, तेही पुरेपूर अंग माखेपर्यंत, म्हणून ‘अप’.

गंमत म्हणून ‘बर्न’ घ्या. घर जळलं तर ते ‘बर्न्स डाउन’, कागद जळला तर तो ‘बर्न्स अप’. घर कोसळून जमिनीला मिळतं, कागद जळून संपतो. विद्यार्थी विचारतात, अप आणि डाउन विरुद्ध असताना अर्थ एकच कसा? अर्थ एक नाहीच. नाश दोन्हीकडे आहे, पण डोळ्यांसमोरचं चित्र वेगळं आहे. याच कारणाने एका अव्ययाच्या जागी उलटं अव्यय घातलं की उलटा अर्थ मिळेल, ही अपेक्षा ठेवू नका. ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणे, पण ‘टर्न अप’ म्हणजे स्वीकारणे नव्हे. आवाजाच्या बटणापुरतीच ती जोडी खरी.

‘आउट’साठी मराठीत जवळजवळ तयार शब्द आहे: काढणे. ‘फाइंड आउट’ शोधून काढणे, ‘राइट आउट’ लिहून काढणे, ‘वॉश आउट’ धुऊन काढणे. ‘वर्क आउट अ सम’ म्हणजे गणित सोडवून उत्तर बाहेर काढणे. पण ‘आउट’ दोन तोंडांनी बोलतो. ‘द स्टार्स केम आउट’ म्हणजे चांदण्या दिसू लागल्या, आणि ‘द लाइट्स वेंट आउट’ म्हणजे दिवे विझले. एकीकडे प्रकट होणं, दुसरीकडे नाहीसं होणं. सुझन लिंडनर यांनी १९८१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत अप आणि आउट या दोनच शब्दांवर अख्खा प्रबंध लिहिला, यावरून प्रकरण केवढं आहे ते कळावं. उलगडा आपण कुठे उभे आहोत यात आहे. वस्तू तिच्या लपणीतून बाहेर पडून आपल्यासमोर आली तर दिसते: ‘कम आउट’, ‘फाइंड आउट’, ‘टर्न आउट’. आपल्या नजरेच्या कुंपणाबाहेर गेली तर संपते: ‘गो आउट’, ‘डाय आउट’, ‘रन आउट’, ‘वाइप आउट’. क्रियापद ‘कम’ आहे की ‘गो’, एवढं पाहिलं तरी निम्म्या वेळा अंदाज बरोबर येतो. क्रिकेटमधला आउट या दुसऱ्या गटातला.

‘ऑफ’कडे जरा जास्त वेळ देतो, कारण मुलांचा विश्वास उडवणारं वाक्य इथे आहे: ‘द अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ’. पहिल्या ‘ऑफ’ने गजर वाजला, दुसऱ्याने बंद झाला. फळ्यावर हे लिहिलं की वर्ग वैतागतो आणि इंग्रजीला शिव्या पडतात. पण ‘ऑफ’चा मूळ भाव एकच आहे: सुटणे, वेगळं होणे. धरून ठेवलेली गोष्ट सुटली की तिचं काय होईल हे ती गोष्ट ठरवते. बंदुकीचा घोडा, फटाका, बॉम्ब, गजराची कमान या गोष्टी ताणून, दाबून, अडवून ठेवलेल्या असतात. त्या सुटल्या की उडतात किंवा वाजतात. दिवा आणि पंखा यांचा विजेशी संबंध जोडलेला असतो, तो सुटला की ते बंद पडतात. दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे चांगल्या स्थितीपासून सुटलं, नासलं. माणूस ‘नॉड्स ऑफ’ म्हणजे जागेपणापासून सुटला, डुलकी लागली. ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज फेडून सुटणे, ‘सी ऑफ’ म्हणजे स्टेशनवर जाऊन निरोप देणे, ‘ले ऑफ’ म्हणजे कामगाराला कामापासून दूर करणे. ‘पुट ऑफ’ म्हणजे सभा आजपासून दूर ढकलणे. पण कर्म माणूस असेल तर तेच ‘पुट ऑफ’ मन विटण्याचं होतं: त्याच्या बोलण्याने माझं मनच उडालं. मराठीतही मन ‘उडतं’, म्हणजे जागेवरून सुटतंच.

या हिशेबाने तुमचं ‘गिव्ह’ सोडवून बघा. ‘गिव्ह’चा एक अर्थ देणे, हवाली करणे. दुसरा अर्थ शाळेत सांगत नाहीत: दाब पडल्यावर वाकणे, ढिलं पडणे. जुनी फळी पायाखाली वाकली तर इंग्रजीत ती ‘गिव्ह’ करते. ‘गिव्ह इन’मध्ये हा दुसरा अर्थ आहे. दाबाखाली आत दबला, म्हणजे नमला. ‘गिव्ह आउट’मध्येही तोच, जेव्हा चढून चढून गुडघे चालेनासे होतात. पत्रकं ‘गिव्ह आउट’ केली तर मात्र साधं वाटप. ‘गिव्ह अप’मध्ये पहिला अर्थ: किल्ला शत्रूच्या हवाली केला, लढाई सोडली, मग नाद सोडला, व्यसन सोडलं. पुण्यात जर्मन शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांना हे लगेच पटतं, कारण जर्मनमध्ये सोडून देण्याला ‘आउफगेबेन’ म्हणतात. ‘आउफ’ म्हणजे अप आणि ‘गेबेन’ म्हणजे गिव्ह, तुकड्याला तुकडा जुळतो. ‘गिव्ह ऑफ’मध्ये वास वस्तूच्या अंगावरून सुटतो. ‘गिव्ह अवे’ म्हणजे आपल्यापासून लांब देऊन टाकणे. लग्नात वडील मुलीला ‘गिव्ह अवे’ करतात ते कन्यादान, आणि चेहऱ्याने गुपित ‘गिव्ह अवे’ केलं तर जपून ठेवलेली गोष्ट परक्याच्या हाती गेली.

हे सगळं इंग्रजीने कधी सुरू केलं, ते थोडं सांगतो. जुन्या इंग्रजीत ही अव्ययं क्रियापदाच्या पुढे जोडली जात, संस्कृतातल्या उपसर्गांसारखी. उपसर्गांबद्दलचा तो प्रसिद्ध श्लोक तुम्ही ऐकला असेल: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥’ उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो, धातू ‘हृ’च, पण प्रहार वेगळा, आहार वेगळा, संहार वेगळा. इंग्रजीतले त्या काळचे अवशेष म्हणजे ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’, ‘विथस्टँड’. (त्या काळी ‘विथ’चा अर्थ ‘विरुद्ध’ होता, म्हणून ‘विथस्टँड’ म्हणजे विरुद्ध उभं राहून टिकणे.) पुढे साधारण बाराव्या-तेराव्या शतकापासून अव्ययं क्रियापदाच्या मागे जाऊन बसली आणि ही पद्धत फोफावली. काही ठिकाणी जुनी आणि नवी मांडणी शेजारी शेजारी नांदते. तीच दोन माणसं जागा बदलून बसतात आणि अर्थ बदलतो. घाटात ट्रकला ‘ओव्हरटेक’ करतात, पण कंपनीचं ‘टेकओव्हर’ होतं. ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून निसटू देणे, ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजर फिरवून घेणे. हायकोर्टाने आदेश ‘अपहेल्ड’ केला म्हणजे कायम ठेवला, आदेश ‘हेल्ड अप’ झाला म्हणजे कुठेतरी रखडला.

मराठीनेही असंच काहीतरी केलं आहे. संस्कृत ‘उपविश्’ झिजून ‘बसणे’ झालं, ‘उत्तॄ’चं ‘उतरणे’ झालं. उपसर्ग पोटात गडप झाले, ते वेगळे ओळखूही येत नाहीत. अर्थछटा सांगायला मग भाषेने टाकणे, बसणे, देणे, काढणे कामाला लावले.

परक्याला हे जड जातं हे इंग्रजांना पूर्वीपासून ठाऊक होतं. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं आहे की क्रियापदाला मागून जोडलेल्या शब्दाने अर्थ बदलण्याचा हा प्रकार परदेशी लोकांना सर्वांत अवघड जातो. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच उशिरा रूढ झालं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली ते वापरलं आणि ते सुचवण्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. १९३० साली सी. के. ऑग्डेन यांनी ‘बेसिक इंग्लिश’ नावाचं सोपं केलेलं इंग्रजी काढलं. शब्द फक्त ८५०, त्यांत क्रियापदं फक्त १८. ऐकायला केवढं सोपं! पण १८ क्रियापदांत जग सांगायचं तर पुट, गेट, टेक, गिव्ह यांना अव्ययं जोडण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे दारातून घालवलेले शेकडो अर्थ खिडकीतून आत आले, आणि कागदावर मात्र शब्दसंख्या ८५०च राहिली.

१०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मनांचं राज्य आलं, दरबार-कचेरीत फ्रेंच आणि लॅटिन शब्द शिरले, आणि एकाच गोष्टीला दोन शब्द झाले: ‘पुट आउट’ आणि ‘एक्स्टिंग्विश’, ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’, ‘लुक इन्टू’ आणि ‘इन्व्हेस्टिगेट’. आपण समारंभात दीपप्रज्वलन करतो आणि घरी दिवा लावतो, तसाच हा भेद. आपल्या मुलांचं इंग्रजी पुस्तकातून आलेलं असल्यामुळे ती गप्पांतही ‘टॉलरेट’ आणि ‘पोस्टपोन’ म्हणतात. चूक काहीच नाही, पण स्वयंपाकघरात दीपप्रज्वलन केल्यासारखं वाटतं.

मात्र या जोडक्रियापदांना केवळ बोलीतली म्हणून उडवून लावू नका. कायद्याच्या इंग्रजीत ती ठासून भरलेली आहेत आणि तिथे चुकीची किंमत मोठी असते. ‘सेट असाइड’ घ्या. अर्थसंकल्पात रक्कम ‘सेट असाइड’ केली म्हणजे राखून ठेवली. वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा आदेश ‘सेट असाइड’ केला म्हणजे रद्द केला. नवशिका भाषांतरकार दुसऱ्या ठिकाणी ‘आदेश बाजूला ठेवला’ लिहितो, आणि वाचणारा पक्षकार समजतो की निकाल राखून ठेवलाय, म्हणजे अजून यायचाय. तिकडे त्याचा खटला निकालात निघालेला असतो.

‘डाउन’चीही तिथे वेगवेगळी रूपं आहेत. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना ‘स्ट्रक डाउन’ केली. योजना घटनाबाह्य ठरली, पार गेली. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ ‘रीड डाउन’ झालं. कलम तेव्हा पुस्तकात राहिलं, पण त्याचा अर्थ आकुंचित केला गेला आणि प्रौढांमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले गेले. ‘रीड’ म्हणजे वाचणे एवढ्यावर कुणी भाषांतर करू लागला तर ‘कलम खाली वाचलं’ असं काहीतरी विनोदी निघेल. इथे ‘डाउन’ व्याप्ती खाली आणतो. ‘ले डाउन’ म्हणजे नियम घालून देणे, ‘स्टेप डाउन’ म्हणजे पद सोडणे, ‘बॅक डाउन’ म्हणजे माघार घेणे.

बँकेतला ‘राइट ऑफ’ हा तर वर्तमानपत्रांचा कायमचा घोटाळा. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केलं म्हणजे आपल्या ताळेबंदातून ते उतरवलं, निर्लेखित केलं. कर्जदार त्यातून सुटत नाही, वसुली चालूच राहू शकते. कर्जमाफी म्हणजे ‘वेव्हर’, ती वेगळी. पण मथळ्यात दोन्हींना ‘माफी’ म्हटलं जातं आणि दोन दिवस गदारोळ होतो. ‘लोन वेव्ह ऑफ’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे सर्रास चालतो, तोही या गोंधळाचं अपत्य असावा. माफ करण्याचं ‘वेव्ह’ एकटंच असतं, त्याला ‘ऑफ’ लागत नाही. हात हलवून निरोप देण्याचं ‘वेव्ह’ स्पेलिंगने वेगळं आणि त्याला ‘ऑफ’ लागतो.

अशी आणखी काही देशी शेपटं आहेत. ‘कोप अप विथ’ हे त्यांतलं सर्वांत सामान्य. ‘कीप अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ कानात असल्याने तो ‘अप’ आगंतुकासारखा येऊन बसला. बरोबर रूप ‘कोप विथ’. ‘पास आउट’चं प्रकरण जरा नाजूक आहे. खडकवासल्याच्या एनडीएत ‘पासिंग आउट परेड’ होते. लष्करी इंग्रजीत प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे हा अर्थ पक्का आहे. आपण तो कॉलेजलाही लावतो, ‘२०१५चा पासआउट’. पण अमेरिकेतल्या मुलाखतीत ‘आय पास्ड आउट इन २०१५’ म्हणालात तर समोरच्याला तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडलात असं वाटेल. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ब्रिटन-अमेरिकेतही आपापसांत असे खड्डे आहेत. ब्रिटिश ‘नॉक अप’ म्हणजे दार ठोठावून उठवणे. गिरण्यांच्या काळात तिकडे ‘नॉकर-अप’ नावाची माणसं लांब काठीने खिडक्या वाजवून कामगारांना जागं करत. मुंबईत ते काम गिरणीच्या भोंग्याने केलं. अमेरिकेत हाच शब्द बाईला गरोदर करणे या अर्थी आहे, तेव्हा जपून.

व्याकरणाची एकच कसोटी सांगतो, परीक्षेत तीच उपयोगी पडते. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’. दिसायला जुळी वाक्यं. पहिल्यात ‘अप’ टेकडीला चिकटलाय, साधं शब्दयोगी. दुसऱ्यात तो ‘रॅन’ला चिकटलाय, म्हणजे बिल वाढवून ठेवलं. नामाच्या जागी ‘इट’ घाला. बिलाचं होईल ‘रॅन इट अप’, टेकडीचं ‘रॅन अप इट’. क्रियापदाचं स्वतःचं अव्यय असेल तर सर्वनाम मध्ये शिरतं: ‘टर्न इट ऑफ’, ‘लुक इट अप’. ‘लुक आफ्टर हिम’मध्ये शिरत नाही, कारण ‘आफ्टर’ ‘हिम’चा आहे. उच्चारही साक्ष देतो. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो, ‘लुक ॲट इट’मधला ‘ॲट’ गिळला जातो. आणि जोडीचं नाम झालं की जोर पहिल्या शब्दावर सरकतो आणि दोन्ही जोडून लिहितात. बॅकअप, लॉगिन, चेकअप ही नामं. क्रियापद म्हणून लिहिताना तोडा: ‘लॉग इन’, ‘बॅक अप’, भूतकाळ ‘बॅक्ड अप’.

ऑफिसच्या मेलमधलं ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ हेही याच कसोटीला येतं. इथला ‘टू’ शब्दयोगी आहे, त्याच्यापुढे नाम चालतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ म्हणता येतं ना? मग क्रियापदही नामरूपात हवं, ‘टू मीटिंग यू’.

आता अभ्यासाचं. बाजारातल्या याद्या क्रियापदाच्या क्रमाने असतात: गेटचे तीस, पुटचे पंचवीस. त्या उलट्या करा. एक आठवडा फक्त ‘ऑफ’ घ्या आणि वाचनात भेटेल ते प्रत्येक ‘ऑफ’ पूर्ण वाक्यासकट वहीत उतरवा. शेजारी कर्म काय आहे तेही लिहा, कारण ‘पुट ऑफ’ची सभा आणि ‘पुट ऑफ’चा माणूस यांत काय होतं ते वर पाहिलं. अर्थ इंग्रजी प्रतिशब्दाने लिहू नका, मराठी जोडक्रियापदाने लिहा: शोधून काढणे, उडवून लावणे, गुंडाळून ठेवणे. ‘गेट’सारख्या बिनरंगी क्रियापदाला तर ही रीत फारच लागू पडते. ‘गेट ओव्हर’ दुःखातून सावरणे, ‘गेट बाय’ कसंबसं भागवणे, ‘गेट थ्रू’ पार पडणे: सगळा अर्थ मागच्या शब्दात आहे.

काही मात्र या रीतीला दाद देत नाहीत. ‘पुट अप विथ’ म्हणजे खपवून घेणे, ‘टेक इन’ म्हणजे फसवणे, ‘लेट ऑन’ म्हणजे गुपित कळू देणे. यांची फोड करत बसण्यात वेळ घालवू नका, अख्खे शब्द समजून सरळ पाठ करा. असे थोडे आहेत. आणि परीक्षेच्या फॉर्मबद्दल विचारणार असाल तर ब्रिटिश ‘फिल इन’ करतात, अमेरिकन ‘फिल आउट’, आपण ‘फिल अप’. पेपरात पहिल्या दोहोंपैकी एक लिहा. ‘फिल अप’ पेट्रोल पंपावर ठीक आहे.